रविवारच्या टँगोला गाणी कोणती लावू? (नागपूर, सहा जण, एक कूलर)

गच्चीवरची

नमस्कार. विषय जरा वेगळा आहे. पण इथं पेटीच्या भात्यापासून कॅसेटवरच्या बुरशीपर्यंत सगळ्याला उत्तरं मिळालेली पाहिली आहेत, म्हणून धीर करून विचारते.

मी नागपूरचीच, बजाजनगरची. नोकरीपायी अकरा वर्षं पुण्यात होते, त्यातली शेवटची तीन वर्षं अर्जेंटाईन टँगो शिकले. मागच्या वर्षी घरून काम करायची परवानगी मिळाली तशी बाबांजवळ परत आले. इथं सगळं मिळालं, टँगो तेवढा मिळाला नाही. मग म्हटलं आपणच सुरू करू. गच्चीला लागून आमची एक लांबट खोली आहे, खाली कोटा फरशी. जरा पावडर टाकली की पाय छान सरकतो. फेब्रुवारीपासून दर रविवारी सात ते नऊ. मला धरून सहा जण. दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, व्हीएनआयटीतल्या दोन मुली, आणि आमच्या गल्लीतले बँकेतून निवृत्त झालेले काका. काका शाळेत लेझीमपथकाचे कप्तान होते, हे ते दर रविवारी सांगतात.

शिकवणं एक वेळ जमतं, गाणी लावणं जमत नाही. पुण्यात ते काम कोणीतरी दुसरं करायचं आणि त्यात काही अक्कल लागते असं मला कधी वाटलंच नाही. नळाला पाणी यावं तसं स्पीकरमधून गाणं यायचं.

पहिल्या रविवारी मी माझं लाडकं लावलं, अर्जेंटिनाचा संगीतकार पियासोला. मी टँगोकडे वळले तीच त्याच्यामुळे. 'आदिओस नोनिनो' सुरू झालं. डॉक्टर आणि त्यांची बायको चार पावलं चालले आणि मग रस्ता ओलांडताना सिग्नल बदलावा तसे मध्येच उभे राहिले. काका म्हणाले, "संपलं का?" संपलं नव्हतं, नुसतं संथ झालं होतं.

दुसऱ्या रविवारी जुन्या गायकाचं, गार्देलचं 'पोर उना काबेसा' लावलं, कारण ते सिनेमामुळे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. सगळ्यांनी मान डोलावली. पाय कोणाचेच हलले नाहीत. तिसऱ्या वेळी एका ॲपवरची तयार 'टँगो हिट्स' यादी लावली, पन्नास गाण्यांची. एक खरखरतं जुनं, मग एक ढोल बडवत कवायतीसारखं, मग एक इलेक्ट्रॉनिक, आणि मध्येच घरकर्जाची जाहिरात. व्हीएनआयटीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, जोडीदार तोच आहे, पण दर तीन मिनिटांनी कोणीतरी नवीनच आल्यासारखं वाटतं." तेव्हा कळलं की दोष त्यांच्या पायांत नाही.

दुसरा गुंता बाबांचा. वय 74, निवृत्त शिक्षक, पेटी वाजवतात, वसंतरावांच्या नाट्यसंगीतावर वाढलेले. कोपऱ्यात खुर्ची टाकून चहा घेत बसतात. जे नाचता येत नाही नेमकं तेच त्यांना आवडतं. पियासोला लावला की डोळे मिटतात. जरा चालण्याजोगं काही लागलं की "हा काय बँडबाजा" म्हणत खाली निघून जातात.

तर ऐकायचा टँगो आणि नाचायचा टँगो हे खरंच दोन वेगळे आहेत का? आणि कानानं ओळखायचे कसे? दोन तासांची मांडणी कशी करायची? शिवाय पारा 45च्या पुढे गेलाय, कूलर चालू ठेवावाच लागतो आणि तो ट्रॅक्टरसारखा वाजतो.

"जे आवडेल ते लावा" असं कृपया सांगू नका. तेच करून बसले आहे.


खामल्याचा

नागपुरात टँगो? बाप्पा! आम्ही 45 डिग्रीत बायकोच्या शेजारी सोफ्यावर बसत नाही अन् तुम्ही एकमेकांना कवटाळून चालून राहिले. गाण्यातलं मला काही कळत नाही. पण नऊ वाजता सुटल्यावर सावजी खायला कुठं जाता ते सांगा, मी येतो.


गच्चीवरची

या की. पण आधी एक गाणं चालावं लागेल.


सोळा_महिने_मॉन्टेव्हिडिओ

ताई, हे लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

कंपनीनं मला सोळा महिने मॉन्टेव्हिडिओला पाठवलं होतं. तिथं टँगोला नुसतं "अर्जेंटिनाचा" म्हटलं की लोक हातातला माते चहाचा (तिकडचा कडू पाल्याचा चहा, भोपळ्यातून पितात) भोपळा खाली ठेवून तुमच्याकडे बघतात. ला प्लाता नदीच्या या काठाला ते आणि त्या काठाला ब्युनॉस आयर्स, टँगो दोघांचा. युनेस्कोनंही 2009 साली दोन्ही देशांच्या नावानं नोंदवला. 'ला कुम्पारसिता' हा प्रसिद्ध टँगो लिहिणारा हेरार्दो मातोस रोद्रिगेस मॉन्टेव्हिडिओचाच, आर्किटेक्चर शिकणारा पोरगा. ज्या कॅफेत ते पहिल्यांदा वाजलं त्या जागी आज सिमेंटचा भलामोठा पालासिओ साल्वो उभा आहे. माझा ऑफिसला जायचा रस्ता त्याच्यावरून होता, म्हणून इतकं माहीत आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही गाणी निवडून राहिल्या, तिथंच गडबड आहे. आधी ऑर्केस्ट्रा निवडा. नाचणारा माणूस गाणं ओळखत नाही, ऑर्केस्ट्राची चाल ओळखतो. म्हणूनच तिथं एकाच ऑर्केस्ट्राची, एकाच काळातली, शक्यतो एकाच गायकाची चार गाणी सलग लावतात. त्याला तांदा म्हणतात. पहिल्या गाण्यात जोडी एकमेकांचं वजन चाचपते, दुसऱ्यात जरा जमतं, तिसऱ्या-चौथ्यात खरं नाचणं होतं. तुमच्या यादीत प्रत्येक गाणं हे पहिलंच गाणं होतं. ती व्हीएनआयटीवाली पोरगी बरोबर बोलली.

तांदा संपली की अर्धा-एक मिनिट भलतंच काहीतरी वाजतं, टँगो नसलेलं. ती कोर्तिना, म्हणजे पडदा. त्यात लोक जागेवर जातात, पाणी पितात, पुढचा जोडीदार शोधतात. क्रम साधारण असा असतो: दोन तांदा टँगोच्या, एक व्हाल्सची (तीनाच्या ठेक्याची), परत दोन टँगोच्या, एक मिलोंगाची (जलद, उडत्या ठेक्याची). व्हाल्स आणि मिलोंगा तीन-तीनच. असा एक फेरा सव्वा तासाच्या आत-बाहेर होतो. सहा जणांना तेवढा पुरे, उरलेला वेळ शिकवा.

काळ कोणता? 1935 ते साधारण 1955. त्या वीस वर्षांत ऑर्केस्ट्राची रोजीरोटी नाचणाऱ्यांवर होती. लोक उठले नाहीत तर पुढच्या शनिवारी बोलावणं नाही, इतका साधा हिशोब. शिवाय 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन मिनिटं, म्हणून पाल्हाळ नाही. तुमचा पियासोला याच काळात आनिबाल त्रोइलोच्या ऑर्केस्ट्रात बान्दोनिऑन (टँगोतली भात्याची पेटी) वाजवायचा. पुढं वेगळा झाला तो मुळी लोकांनी खुर्चीत बसून ऐकावं म्हणून. 'आदिओस नोनिनो' त्यानं 1959 साली वडील वारल्यावर लिहिलं. ते लावून दातांच्या डॉक्टरांकडून पाय हलवायची अपेक्षा म्हणजे तेराव्याला लेझीम.

गार्देलचं कारण वेगळं. तो गातो आणि साथ त्याच्या मागून जाते, बऱ्याचदा नुसत्या गिटारी. शब्दाला थांबावं वाटलं तर थांबतो. तिथं नाचघरात त्याला लावत नाहीत. काही जण म्हणतात आदर म्हणून. मला विचाराल तर पाय मध्येच लटकतो म्हणून.

तुम्हाला सुरुवातीला तीन ऑर्केस्ट्रे पुरतात.

हुआन दारिएन्सो. त्याला "ठेक्याचा राजा" म्हणायचे. 1935च्या शेवटी त्यानं रोदोल्फो बियाजी नावाचा पियानोवाला घेतला आणि त्या माणसानं वाक्यावाक्यामधल्या रिकाम्या जागांत असे चिमटे काढले की बसलेले लोक उठले. बियाजी 1938पर्यंत होता. सुरुवात या अडीच वर्षांतल्या, गायक नसलेल्या गाण्यांनी करा: 'होटेल व्हिक्टोरिया' (हे बियाजीच्या जरा आधीचं), 'एल फ्लेते', 'एल चोक्लो'. चोक्लो म्हणजे आपला भुट्टा, काकांना सांगा, लक्षात राहील. पण साल बघूनच घ्या. दारिएन्सो पुढं सत्तरच्या दशकापर्यंत वाजवत राहिला आणि तीच गाणी पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केली. नंतरची फार अंगावर येतात. ॲपवर सगळी एकाच अल्बममध्ये कोंबलेली असतात, वर सालही भलतंच टाकलेलं. मी एक वही केली होती, त्यात साल, गायक आणि लांबी लिहून ठेवायचो. बायको म्हणायची, किराण्याचा हिशोब असा ठेवला असता तर बरं झालं असतं.

फ्रान्सिस्को कानारो. सरळ, गोड, चालायला सोपा. 1935चं 'पोएमा' रोबेर्तो माइदाच्या आवाजात आहे, त्याच दोघांची 1938पर्यंतची अजून तीन घ्या आणि पहिली तांदा ही लावा. खोली थंड असते तेव्हा (माणसांबद्दल बोलतोय, कूलरबद्दल नाही) कानारो चालतो.

आणि कार्लोस दि सार्ली. याच्यावर मी थांबणार आहे, कारण मी चालायला शिकलो तो याच्यावर.

तिथं मंगळवारी एका क्लबात जायचो. सुरुवातीचे दोन महिने नुसता भिंतीला टेकून. एक म्हातारे गृहस्थ होते, ऐंशीच्या पुढचे, सूट रोज तोच. एकदा त्यांनी खुणेनं बोलावलं आणि चार गाणी मला नुसतं चालवलं. वळण नाही, पायांची गुंफण नाही, काही नाही. माझ्या पाठीवर बोटानं ठोके देत होते. मला वाटलं होतं ते व्हायोलिनचे असतील, पण ते पियानोच्या डाव्या हाताचे होते. दि सार्ली स्वतः पियानोवर असायचा आणि त्याच्या ऑर्केस्ट्रात बान्दोनिऑनला फारसं मिरवू देत नाहीत. वर व्हायोलिनी लांब सूर धरतात आणि खाली पियानो घंटेसारखा पडतो. वरचं ऐकलं तर लांब पाऊल टाकावंसं वाटतं, खालचं ऐकलं तर ते कुठं टाकायचं ते कळतं. त्याची दोन रूपं आहेत. 1939 पासूनची, रोबेर्तो रुफिनोच्या आवाजातली, जरा चटपटीत: 'कोरासोन', 'चार्लेमोस'. आणि 1954 ते 1958ची, नुसत्या वाद्यांची, संथ आणि भारदस्त, 'बाईया ब्लांका' त्यातलंच. एका तांदेत दोन्ही मिसळू नका. तुमच्या कूलरसाठी दुसरी चांगली, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. कूलरची घरघर नेमकी खालचे सूर खाते, म्हणजे कॉन्ट्राबास आणि पियानोचा डावा हात, आणि नाचणाऱ्याला हवं असतं तेच. स्पीकर जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, कूलरच्या समोरच्या भिंतीला. 1926च्या आधीची, मायक्रोफोन नसतानाची गाणी तर लावूच नका, कूलर त्यांना पूर्ण गिळेल.

त्रोइलो आणि पुग्लिएसे यांचे ऑर्केस्ट्रे सहा महिन्यांनी. ते लय ओढतात-सोडतात, नवख्याची फजिती होते.

निवडायची माझी एक पद्धत सांगतो, हसाल. काठोकाठ चहाचा कप हातात घेऊन गाणं लावायचं आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. दारिएन्सोत थोडा हिंदकळतो, दि सार्लीत नाही. पियासोलात मी कप टेबलावर ठेवतो आणि बसतो.


महालातला_डग्गा

वरच्या भाऊंचं वाचून तीन-चार गाणी ऐकली. तबलावाल्याचे दोन शब्द, टँगोतलं मला काही येत नाही.

पहिल्यांदा चक्रावलो ते याच्यानं की यात तबला नाही, ढोलक नाही, ड्रम नाही. काहीच नाही! आणि तरी ठेका पायाखालून सुटत नाही. सगळं पियानो, तो उभा मोठा बास आणि भात्याच्या पेट्या मिळून करून राहिले. पुग्लिएसेचं 1946चं 'ला युम्बा' लावलं. ताई, युम्बा हा बोल आहे हो! "युम्-" वर सगळे मिळून जोर देतात, "-बा" खाली दाबलेला. धा आणि ग सारखं. वाजतं तसंच नाव ठेवलं.

दुसरं, तुमच्या बाबांना सांगा की ती बान्दोनिऑन म्हणजे पेटीची लांबची बहीणच. जर्मनीत जन्मलेली, आत आपल्यासारखेच वाऱ्यानं थरथरणारे रीड. दोन्ही बाजूंची मिळून साधारण एकाहत्तर बटणं आणि तेच बटण भाता उघडताना वेगळा सूर देतं, मिटताना वेगळा. म्हणजे पाठांतर दुप्पट. ज्यानं हे वाद्य केलं तो माणूस पेटीवाल्यांवर चिडलेला असावा.

तिसरं. गाणं चार-चार मात्रांच्या घरांत चालतं, सोळा घरांचा एक भाग, मग दुसरा, मग पहिला परत. आपल्यासारखी सम पुन्हा पुन्हा येत नाही, पण वाक्य कुठं संपतं ते कळतं. नाचणाऱ्यांना पायांआधी हे मोजायला शिकवा, टाळी देऊन. शेवटी दोन ठोके येतात, "चान्-चान्". तिहाई समजा. रिकार्दो तान्तुरी म्हणून एक ऑर्केस्ट्रावाला आहे, तो दुसरा "चान्" इतका उशिरा देतो की मी घरी एकटाच हसलो.

आणि "बँडबाजा" हे बाबांचं म्हणणं मला काही पटलं नाही. दारिएन्सोत पियानो ज्या जागा भरतो त्या लग्गीत (तबल्याच्या जलद, भरगच्च वाजवण्यात) आम्ही भरतो तशाच आहेत. पण पेटीवाल्यांना ठेका म्हणजे मागून येणारा नोकर वाटतो, हे जुनं दुखणं आहे. 🙂


वर्धा_रोड_रात्री

सगळे 1940 मध्येच अडकलेत का? गोतान प्रोजेक्ट ऐका. पॅरिसचा ग्रुप, 2001चा अल्बम, बीट एकदम स्पष्ट, आवाज स्वच्छ, कूलरच्या वर ऐकू येतो. पोरांना हेच आवडेल. तुमची खरखर ऐकून पुढच्या रविवारी तिघंच येतील.


सोळा_महिने_मॉन्टेव्हिडिओ

भाऊ, गोतान मलाही आवडतं, गाडीत लावतो. एखादी तांदा त्याची लावली तर काही बिघडत नाही. पण सलग तासभर लावून पाहा. बीट स्पष्ट असते म्हणता, ती स्पष्टच राहते. पहिल्या मिनिटाला जे आहे तेच पाचव्याला. दोघांनी मिळून करायला काही उरत नाही, ठेका मशीन धरून ठेवते. जुन्या ऑर्केस्ट्रात दर आठ ठोक्यांनी कोणीतरी विचारून राहिलं असतं: आता व्हायोलिनबरोबर येता की पियानोबरोबर? एकीला व्हायोलिन ऐकू येते, दुसऱ्याला पियानो, आणि त्या ओढाताणीत नाच होतो.

खरखरीचं मात्र तुमचं बरोबर. एकाच गाण्याच्या ॲपवर पाच-पाच प्रती असतात, कोणी आवाज साफ करता करता व्हायोलिनच पुसून टाकलेली. दोन-तीन ऐकून घ्या. थोडी खरखर राहिलेली प्रत बहुतेक वेळा बरी निघते.


गच्चीवरची

सगळ्यांचे आभार. रविवार झाला, काय झालं ते सांगते. आठवडाभर रात्री जागून एकच फेरा बांधला, सहा तांदा. चहाचा कप घेऊन चालले. दोनदा फरशी पुसावी लागली.

पहिली कानारो-माइदा. 'पोएमा' लागलं आणि डॉक्टर-डॉक्टरीणबाई खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता गेले. मी तिथंच जिंकले होते.

दुसरी दारिएन्सो. काका पहिल्या दहा सेकंदांत ओरडले, "ही तर लेझीम आहे!" आणि व्हीएनआयटीच्या एका मुलीला घेऊन अशी पावलं टाकली की ती मध्येच हसत सुटली. 'एल चोक्लो'चा अर्थ सांगितल्यावर तर विचारूच नका. तिसऱ्या गाण्याला दमले, चौथ्याला खुर्ची. त्यांचं वय 61 आहे आणि बाहेर 45, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वेळी दारिएन्सोची तीनच ठेवीन, नियम गेला खड्ड्यात.

व्हाल्सची सगळ्यात जास्त भीती होती, मी त्यांना तो शिकवलाच नव्हता. डग्गा भाऊंसारखी आधी टाळी द्यायला लावली, एकावर टाळी, दोन-तीन हवेत. 'देस्दे एल आल्मा' ठेवलं होतं, रोसिता मेलो नावाच्या मुलीनं 1911 साली, चौदा वर्षांची असताना लिहिलेलं. हे सांगितल्यावर मुलींनी भुवया उंचावल्या. आणि सगळे गोल गोल फिरायला लागले, मी काहीही न सांगता. तीनाचा ठेका आपल्या अंगात असतोच बहुतेक, दादऱ्यामुळे असेल.

दि सार्लीनं कूलरकडून मार खाल्ला. स्टूल ठेवलं, भिंत बदलली, तरी 'बाईया ब्लांका'ची सुरुवात कोणाला ऐकूच आली नाही. मग मी सरळ कूलर बंद केला. चार गाणी, बारा मिनिटं, घामाच्या धारा. एकानंही "चालू कर" म्हटलं नाही. तांदा संपल्यावर मात्र सगळे एकदम बटणाकडे धावले.

पाचवी मिगेल कालोच्या ऑर्केस्ट्राची, 1942च्या सुमाराची, राउल बेरोनच्या आवाजातली, 'आल कोम्पास देल कोरासोन' वगैरे. ठीक झाली. मिलोंगा पूर्ण आपटली. कोणाचे पाय कोणावर, डॉक्टरांच्या चपलेचा पट्टा तुटला. तो दोष माझा, ती मलाच नीट येत नाही.

आता बाबा. कोर्तिनाला काय लावावं सुचत नव्हतं, शेवटी बाबांचीच पेटी फोनवर रेकॉर्ड केली आणि त्याचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे टाकले. त्यांना सांगितलं नव्हतं. पहिला तुकडा वाजला तेव्हा ते सरसावून बसले. दुसऱ्याला चिडले. "जागेवर यायच्या आत तोडतेस! हे कापायला तुला कोणी सांगितलं?" पण संपेपर्यंत खाली गेले नाहीत. प्रत्येक पडद्याची वाट बघत बसले होते, म्हणजे मधले टँगोही ऐकावेच लागले.

रात्री जेवताना विचारलं, ते टेलिफोनचं गाणं कोणतं? त्यांना स्पॅनिश येत नाही, पण गाणारा माणूस कोणाशी तरी फोनवर बोलतोय हे त्यांनी नुसत्या ढंगावरून ओळखलं होतं. ते 'चार्लेमोस', मॉन्टेव्हिडिओ भाऊंनी सांगितलेलं, मी आधी कधीतरी त्यांच्यासमोर लावलं होतं. अर्थ शोधून सांगितला: तो एका नंबरवर फोन करतो, जिला विचारतो ती तिथं राहत नाही, मग जी उचलते तिलाच म्हणतो, थोडं बोलू या. बोलणं रंगतं, भेटायचं विचारलं जातं आणि शेवटी कळतं की तो आंधळा आहे. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि हे वाजत असताना तुमचं लक्ष पायांकडे?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या तांदेत त्यांना नको आहे ते गाणं. म्हणतात, ते रात्री लाव, मी एकटा असताना. पियासोलाच्या शेजारी ठेवलंय आता त्यांच्या फोनवर.

काकांनी सगळा दारिएन्सो मागून घेतला आहे, अंबाझरीला सकाळी फिरताना ऐकायला.

एक शंका राहिलीच. कोर्तिना किती सेकंदांची ठेवू? बाबा रोज विचारताहेत.


सोळा_महिने_मॉन्टेव्हिडिओ

तीस सेकंद कमीच आहेत ताई. एक मिनिट द्या त्यांना. तेवढ्यात काकांचंही पाणी पिऊन होईल.


खामल्याचा

या रविवारी येऊन राहिलो. चपला कोणत्या घालू?